उपसा म्हणजे उत्पन्न नव्हे

जीडीपीवर टीका केली की एक ठरलेले उत्तर मिळते. हे फक्त मोजमाप आहे, वर्षभरात देशात किती वस्तू आणि सेवा तयार झाल्या एवढेच ते सांगते. लोक सुखी आहेत का, नद्या स्वच्छ आहेत का, हे सांगण्याचा दावा त्याने कधी केलाच नव्हता. तेव्हा ताप आला म्हणून थर्मामीटर फोडू नका. उत्तर चलाख आहे, कारण ते अर्धे खरे आहे. सायमन कुझ्नेट्स यांनी १९३४ साली अमेरिकी काँग्रेसला राष्ट्रीय उत्पन्नाचा अहवाल दिला, तेव्हाच त्यांनी बजावले होते की या आकड्यावरून देशाच्या कल्याणाचा अंदाज बांधता येणार नाही. म्हणजे जीडीपीत आनंद मोजला जात नाही अशी तक्रार करणाऱ्यांना नव्वद वर्षांपूर्वीच उत्तर मिळालेले आहे, आणि तेही आकडा घडवणाऱ्याकडूनच. माझी तक्रार ती नाही. माझी तक्रार वहीखात्यातली आहे, कुठल्याही दुकानाच्या दिवाणजीला कळेल अशी. भांडवल मोडून आलेला पैसा हा आकडा उत्पन्न म्हणून जमेला धरतो. शेजाऱ्याचे केलेले नुकसान कुठल्याच नावे टाकत नाही. आणि ते नुकसान भरून काढायला शेजाऱ्याने केलेला खर्च पुन्हा जमेलाच धरतो. हे तपासायला जीडीपीला कल्याणाच्या कसोटीवर घासण्याची गरज नाही, त्याचे स्वतःचे नियम पुरेत. उदाहरण भूजलाचे घेतो, कारण यात भारताचा हात कोणी धरू शकत नाही. जगात दरवर्षी जमिनीतून जेवढे पाणी उपसले जाते, त्यातले सुमारे एक चतुर्थांश एकटा भारत उपसतो.

उन्हाळा जवळ आला की मराठवाड्यात, नगर-सोलापूरकडे, शिवाराशिवारात बोअरची गाडी फिरू लागते. गाडी पुष्कळदा तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची, वर काम करणारी पोरेही तिकडचीच. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा धरून आधीच पॉइंट दाखवून गेलेला असतो. दर फुटावर ठरतो, केसिंगचे पैसे वेगळे. माती आणि मुरूम झटक्यात संपतात, मग काळा पाषाण लागतो आणि राखाडी भुकटीचा लोट बांधाबांधावर पसरतो. दोनशे फूट, तीनशे फूट. भुकटी ओली आली की जमलेल्यांच्या चेहऱ्यावर पाणी दिसते, कोरडीच येत राहिली की मालक म्हणतो, ‘अजून पन्नास टाका.’ बोअर फेल गेला तरी बिल फुटानेच लागते. आता हेच राष्ट्रीय हिशेबाच्या वहीत बघा. गाडीवाल्याची कमाई उत्पादनात आली. बोअर, केसिंग, पाणबुडी मोटर ही भांडवलनिर्मिती झाली. पाणी लागले आणि ऊस उभा राहिला, तर त्याची किंमत शेतीच्या उत्पादनात गेली. इकडे शेजारच्या साठ फुटी विहिरीने जानेवारीतच तळ दाखवला. त्या तळाची नोंद कुठे होते? कुठेच नाही. पण शेजारी गप्प बसत नाही. तो कर्ज काढतो आणि तीच गाडी आपल्या रानात बोलावतो. पुन्हा फूट, पुन्हा केसिंग, पुन्हा मोटर, आणि वहीत पुन्हा जमा. कोणी म्हणेल, खोलवरून पाणी ओढायला लागणारी वीज आणि डिझेल शेतीच्या उत्पादनातून वजा होतेच की. होते. पण बोअर हे भांडवल, आणि जीडीपी हे ‘स्थूल’ उत्पादन. त्यात भांडवलाची झीज वजा होत नाही. दोन शेतकऱ्यांनी मिळून जे पाणी आधी एका विहिरीतून घेतले असते, तेच घ्यायला दोन बोअर लागले, आणि देशाची गुंतवणूक वाढली.

या प्रकाराला अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. आर्थर पिगू यांनी १९२० साली तो नीट मांडला: व्यवहार दोघांचा, आणि भुर्दंड मात्र व्यवहारात नसलेल्या तिसऱ्याला. पिगूंच्या धुराड्याचा धूर निदान दिसतो. आपल्या दख्खनच्या पठारावर हा तिसरा माणूस जमिनीखाली असतो. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा. पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगाभेगांत साठते. भेग कोणाच्या बांधाखालून कोणाच्या रानात गेली आहे हे ना सातबाऱ्यावर लिहिलेले असते ना पाणाड्याला ठाऊक असते. पॉल सॅम्युएलसन यांनी १९५४ साली सार्वजनिक वस्तूची व्याख्या केली: एकाने वापरली तरी दुसऱ्याची कमी होत नाही. रस्त्यावरचा दिवा तशी वस्तू. भूजल तसे नाही. त्याला कुंपण घालता येत नाही, पण एकाने घेतलेले दुसऱ्याला मिळत नाही. वस्तू सामायिक, उपसा मात्र ज्याचा त्याचा. त्यात १८८२ च्या सुखाधिकार कायद्याने जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचे पाणी काढण्याची मोकळीक दिली. महाराष्ट्राने २००९ साली भूजल कायदा केला, तो अमलात यायला आणखी काही वर्षे गेली. बांधावर आजही चालतो तो १८८२ चाच समज: जमीन माझी, पाणी माझे.

आता वहीच्या नियमाकडे येतो. शेतकऱ्याने एक एकर रान दहा लाखांना विकले, तर ते दहा लाख जीडीपीत धरले जात नाहीत. योग्यच आहे, मालमत्ता या हातातून त्या हातात गेली, नवे काही पिकले नाही. दलालाची दलाली तेवढी उत्पादनात जाते. रान विकून घर चालवणाऱ्याला गावही कमावता म्हणत नाही. पण त्याच शेतकऱ्याने रान न विकता त्याखालचे साठलेले पाणी उपसले, उसात घातले आणि ऊस कारखान्याला दिला, तर सगळी रक्कम उत्पादनात येते आणि संपलेल्या साठ्यापोटी एक रुपयाही वजा होत नाही. वरची मालमत्ता विकली तर ते उत्पन्न नाही, खालची संपवली तर आहे. जॉन हिक्स यांनी १९३९ साली उत्पन्नाची जी व्याख्या दिली, ती अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवतात: जेवढे खर्च करूनही अखेरीला माणूस सुरुवातीइतकाच संपन्न राहतो, तेवढेच त्याचे उत्पन्न. झीज वजा केलेले ‘निव्वळ’ देशांतर्गत उत्पादनही आपले सांख्यिकी खाते काढते, पण तिथेही वजा होते ती मोटरची आणि पाइपाची झीज. मोटर ज्या पाण्यासाठी बसवली ते गेले, तर २००८ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणे ते मालमत्तेतल्या ‘इतर बदलां’च्या खात्यात जाते, उत्पन्नाला धक्का न लावता. भूकंपात पडलेल्या इमारती ज्या खात्यात जातात, त्याच खात्यात. उपसा हा जणू भूकंप आहे, कोणी केलाच नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. भूजल म्हणजे कोळशाची खाण नव्हे, दर पावसाळ्यात ते भरते. शिवाय राज्यात वर्षाला जेवढे वापरण्याजोगे भूजल भरते, त्याच्या निम्म्याहून थोडे अधिकच आपण उपसतो, मग भांडवल संपले कुठे? पहिली गोष्ट, भरलेल्या पाण्याइतका उपसा हे उत्पन्नच आहे, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. भरण्यापेक्षा जास्त काढले तेवढेच भांडवल. दुसरी, राज्याची सरासरी कोकण आणि मराठवाडा एकत्र करून काढलेली असते, आणि कोकणातल्या ओढ्याने जळगावच्या केळीला पाणी मिळत नाही. तिसरी गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. आपल्या पाषाणात साठा मुळातच थोडा. तो दिवाळीला भरलेला असतो आणि उन्हाळ्यात रिता होतो, म्हणजे इथे प्रश्न केवळ वर्षानुवर्षांच्या घटीचा नाही, एकाच वर्षातल्या वाटणीचा आहे. जानेवारी-फेब्रुवारीत उसाला दिलेली पाळी ही मे महिन्यातली पिण्याची घागर असते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला मिटते, टंचाई एप्रिलमध्ये सुरू होते. उसाचे बिल एका वर्षाच्या जमेत, टँकरचे दुसऱ्या वर्षाच्या. आणि दोन्ही जमेच्याच बाजूला! सरासरीत काही दिसत नाही ते याचमुळे.

दुसरा आक्षेप हिशेबनिसांचा. पाण्याला बाजारभाव नाही, मग किंमत लावायची कशाने? वाटेल ते आकडे घालून वही बिघडवायची का? हा युक्तिवाद ऐकून प्रामाणिकपणे हसू येते, कारण याच वहीत बाजारात कधीच न आलेल्या वस्तूंची किंमत राजरोस धरली जाते. स्वतःच्या घरात राहणारा माणूस स्वतःलाच भाडे देतो असे मानून ते भाडे जीडीपीत घातले जाते. शेतकऱ्याने घरी खायला ठेवलेली ज्वारीही किंमत लावून धरली जाते. एवढेच काय, घरच्या वापरासाठी डोक्यावरून पाणी वाहून आणणे हेसुद्धा आंतरराष्ट्रीय नियमांच्या उत्पादनाच्या व्याख्येत बसते. फार थोडे देश ते खरोखर मोजतात, आणि हंडा बाईच्या डोक्यावर असतो हे त्यामागचे कारण नसावे असे मानण्याइतका मी भोळा नाही. अंदाज बांधायला हिशेबनीस घाबरत नाहीत. जिथे अंदाजाने आकडा वाढतो तिथे तो बांधतात, जिथे कमी होईल तिथे शास्त्रशुद्धता आठवते. आणि मोजायची साधने नाहीत असेही नाही. नासाच्या जुळ्या उपग्रहांनी गुरुत्वाकर्षणातल्या फरकावरून २००२ ते २००८ या काळात राजस्थान, पंजाब, हरियाणा या पट्ट्यातून १०९ घनकिलोमीटर भूजल गेल्याचा अंदाज दिला. हा अभ्यास २००९ साली ‘नेचर’मध्ये आला. आपल्याकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७० च्या दशकापासून निरीक्षण विहिरींच्या पातळ्या घेते आहे. विहिरीत टेप सोडणारा माणूस आहे, नोंदवहीही आहे. ती नोंदवही राष्ट्रीय उत्पन्नाच्या वहीला जोडलेली नाही, इतकेच.

बाजारवाल्यांचे म्हणणे थोडक्यात आटोपता येईल. रोनाल्ड कोस यांनी १९६० साली दाखवले की हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटींना खर्च येत नसेल, तर दोघे आपसात सौदा करून नुकसान मिटवतील, सरकारी कराची गरज नाही. बरोबर. पण एका पाणलोटात शेकडो बोअर, भेग कोणाची कोणाला लागली ते अदृश्य, आणि पुढच्या उन्हाळ्यात कोणाची विहीर आटेल ते आज कोणालाच माहीत नाही. वाटाघाटींना खर्च येतो तिथे बाजार आपोआप जुळत नाही, हे कोस यांच्याच निबंधाचे दुसरे अंग आहे. तो उद्धृत करणारे बहुधा पहिल्या अंगावरच थांबतात.

सर्वात गंभीर प्रतिपक्ष ऊसवाल्यांचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, पुण्या-मुंबईत बसून उसाला नावे ठेवणे सोपे आहे. सहकारी कारखाना आला तेव्हा गावात डांबरी रस्ता आला, हायस्कूल आले, दवाखाना आला. हमीचा भाव मिळणारे दुसरे पीक दाखवा आणि मग बोला. खरे आहे. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेकाठी लोणीला सहकारी कारखाना उभा केला, तो १९५० च्या अखेरीस सुरू झाला, आणि त्याच्या उभारणीत धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष म्हणून होते. याच गाडगीळांचे नाव १९४९ च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत महालनोबिस आणि व्ही. के. आर. व्ही. राव यांच्या बरोबरीने आहे. देशाच्या उत्पन्नाची वही आखणारा माणूस आणि कारखान्याच्या पहिल्या मोळीमागे उभा असलेला माणूस एकच, याचे मला फार कौतुक वाटते. आणि प्रवरेचा ऊस भंडारदऱ्याच्या कालव्यावरचा होता, चारशे फुटांवरून ओढलेला नव्हता, हेही सांगितले पाहिजे. पण पुढे ऊस जिथे धरण नाही, कालवा नाही, पाऊसही नाही, तिथे पोचला. केंद्रीय कृषिमूल्य आयोगाने आपल्या अहवालात नोंदवले आहे की महाराष्ट्रात लागवडीखालच्या क्षेत्रापैकी चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावर असलेला ऊस सिंचनाचे जवळजवळ ७० टक्के पाणी घेतो. यात शेतकऱ्याचा दोष काढणे अन्यायाचे होईल. उसाला किमान भाव सरकार ठरवते आणि तो कारखान्याने द्यावाच लागतो; ज्वारी-तुरीचा हमीभाव कागदावर असतो, खरेदी केंद्र उघडेलच याची खात्री नसते. त्यात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत. पाण्याला किंमत नाही, पाणी वर आणायलाही किंमत नाही, ऊस नेणारा ठरलेला; अशा वेळी ऊस न लावणारा शेतकरी वेडा ठरेल. एकेकट्याचा हिशेब बरोबर आणि शिवाराचा चुकलेला, बाह्य परिणामाचे लक्षण हेच असते. कारखान्याने आणलेला रस्ता आणि दवाखाना मी जमेला धरतो. मागणी एवढीच की खाली गेलेल्या पाण्याचीही ओळ त्याच पानावर असावी, म्हणजे ऊस कुठे परवडतो आणि कुठे केवळ परवडल्यासारखा दिसतो ते कळेल.

आधी वाढ होऊ द्या, श्रीमंत झालो की निस्तरू, असे म्हणणाऱ्यांनी लातूर आठवावे. २०१६ च्या मार्चमध्ये तिथे पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती कलम १४४ लागू करावे लागले. १२ एप्रिलला मिरजेहून दहा टाक्यांची पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन सुमारे साडेतीनशे किलोमीटर चालून आली. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या सुरू झाल्या. मे महिन्यात रेल्वेने सुमारे ६ कोटी लिटरच्या वाहतुकीचे ४ कोटींच्या घरातले बिल पाठवल्याच्या बातम्या आल्या आणि बिल कोणी भरायचे यावर चर्चा झाली. बिल भरले की नाही हा मुद्दा वेगळा. वाहतूक झाली, म्हणजे वाहतूक-सेवेचे उत्पादन झाले. स्टेशनबाहेरच्या विहिरीत सोडलेले, तिथून टँकरने वस्त्यांत गेलेले हे पाणी देशाच्या हिशेबात वाढ म्हणून आले, तर मांजरा धरण भरलेले असताना नळाने आलेल्या तेवढ्याच पाण्याची किंमत जवळपास नगण्य होती. निस्तरणे हीच जिथे वाढ म्हणून मोजली जाते, तिथे निस्तरायची वेळ कधी आली हे आकड्यावरून कळणार कसे?

उलट्या बाजूचे उदाहरण नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारचे. त्याला अपवाद म्हणून बाजूला सारतात. तिथल्या पोपटरावांसारखा सरपंच प्रत्येक गावाला कुठून आणायचा, म्हणतात. पण तिथे चमत्कार काही नव्हता. डोंगरावर सलग समतल चर, नाल्यांवर बांध, मग दरवर्षी पावसानंतर पाण्याचा ताळेबंद: पाऊस किती पडला, माणसांना आणि जनावरांना किती लागेल, उरलेल्यात कोणते पीक. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस आणि केळी लावायची नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९६५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भूजलावर प्रबंध लिहिला, तिथले पाणी उपसणारे एकत्र येऊन नियम करतात हे पाहिले, आणि पुढे याच प्रकारच्या कामासाठी २००९ साली त्यांना नोबेल मिळाले. सामायिक वस्तू उजाड होणारच असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये लिहिले होते. ऑस्ट्रॉमबाईंनी उजाड न झालेल्यांची यादी त्यांच्यासमोर ठेवली. अपवाद इतके असतील तर नियमच तपासायला हवा. आणि हिवरे बाजार राष्ट्रीय वहीत कसे दिसते ते बघा. सरकारी कामाची किंमत त्यावर झालेल्या खर्चाइतकीच धरतात, म्हणून पाणी मुरवणारा बांध आणि पहिल्याच पावसात वाहून गेलेला बांध, मजुरी सारखी असेल तर, दोन्ही सारखेच उत्पादन. आणि न घेतलेल्या बोअरचे, न मागवलेल्या टँकरचे उत्पादन शून्य. दर माणशी उत्पन्नाच्या तक्त्यात, दूध आणि कांदा सोडला तर, गावाने जे मुख्य काम केले त्याची ओळच नाही.

हिशेब बदलतो आहे, हे नोंदवले नाही तर अन्याय होईल. पार्थ दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञगटाने भारतासाठी निसर्गसंपत्ती धरून राष्ट्रीय हिशेबाचा आराखडा २०१३ साली दिला. केंद्रीय सांख्यिकी खाते ‘एन्व्हिस्टॅट्स’ नावाने पर्यावरणाचे हिशेब छापते. आणि संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने मार्च २०२५ मध्ये स्वीकारलेल्या नव्या नियमावलीत निसर्गसंपत्तीचा ऱ्हास हा उत्पादनाचा खर्च म्हणून निव्वळ उत्पादनातून वजा करायला सांगितले आहे. म्हणजे जो आक्षेप इथे वेड्यासारखा वाटतो, तो हिशेबनिसांच्या सर्वोच्च सभेत मान्य झालेला आहे. पण दोन पळवाटा उरतात. वजाबाकी निव्वळ आकड्यात होईल, आणि वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर, अर्थसंकल्पाच्या भाषणात, राज्याराज्यांच्या चढाओढीत झळकतो तो स्थूल आकडा. शिवाय ऱ्हासाची किंमत साधारणपणे त्या संपत्तीपासून मिळणाऱ्या नफ्यावरून काढतात. तेलाला, लोखंडाला बाजारभाव आहे. मोफत विजेवर मोफत उपसलेल्या पाण्याला तो नाही. नफा सगळा उसात दिसेल आणि पाण्याच्या वाट्याला पुन्हा शून्य येईल. तेव्हा निदान एवढे करता येईल की जिल्ह्याजिल्ह्याच्या उत्पन्नाचा तक्ता छापताना शेजारच्या रकान्यात त्या जिल्ह्यातल्या निरीक्षण विहिरींची ऑक्टोबरची आणि मेची पातळी छापावी, मीटरमध्ये. त्याला बाजारभाव लागत नाही, नवे खातेही लागत नाही.